आधी कडा, मग धुकं

लोहगड २०२५च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे मळवलीला उतरणाऱ्या गर्दीत यंदा रंगपेट्याही जास्त असतील. हरकत नाही. पण पावसाळी मावळ म्हणजे धुकं आणि धुकं म्हणजे ओल्या कागदावर सोडलेला राखाडी वॉश, हे समीकरण इतकं पाठ झालं आहे की नवशिक्यांच्या चित्रांत लोहगडाची विंचूकाटा माची कुठली नि खंडाळ्याचा ड्यूक्स नोज कडा कुठला, ओळखू येत नाही. हात कच्चा असतो असं नाही. शिकण्याचा क्रमच उलटा असतो. तो सुलटा कसा असावा, याचा दाखला पुण्यातच आहे. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने १७९०नंतर लवकरच शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स शिकवी. गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हा तिथे तयार झालेला चित्रकार. मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणी काढली. खांबामागे खांब किती लहान होतो, छत कुठे खाली उतरतं, हे बघत बसण्याचं काम; त्यात धुक्यामागे लपायला जागा नाही.

यावर कोणी म्हणेल, ही साहेबाच्या नोंदवहीची कारकुनी झाली, तिचा कलेशी काय संबंध? काम साहेबाचं होतं, हे खरंच. पण याच गंगारामाचं १७९५च्या सुमाराचं पुण्याच्या पर्वती टेकडीचं संध्याकाळचं जलरंगचित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे (आपल्याकडे नाही, हे ओघाने आलंच). कारकुनाला तिन्हीसांजेचं काय पडलंय? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जलरंग हे उत्स्फूर्ततेचं माध्यम, मोजमापाने त्याचा जीव जातो. मला उलटं वाटतं. पारदर्शक रंग एकदा बसला की खोडता येत नाही, म्हणून ब्रश टेकण्याआधीच निर्णय झालेला लागतो. जो सहज वाटतो तो फटकारा आधीच्या रेखाटनांवर उभा असतो. वेल्स १७९५च्या नोव्हेंबरात वारला आणि मुंबईत जे. जे. कलाशाळा निघायला १८५७ उजाडलं. एवढ्या थोड्या शिकवणीवर गंगारामाने जे साधलं, ते वॉशच्या युक्त्यांनी नव्हे. लोहगडावर जाणाऱ्याने पहिले काही रविवार पेन्सिलच न्यावी, आणि बेसॉल्टचे आडवे थर कड्यात कुठे तुटतात, विंचूकाट्याची सोंड कुठे निमुळती होते, तेवढंच काढावं.