वाजतो गाढवाचा जबडा!

दोस्तांनो, एक वाद्य ओळखा पाहू! त्याला तारा नाहीत. चामडं नाही. पण दात मात्र आहेत!

हरलात? अहो, तो आहे गाढवाचा जबडा! हो हो, खराखुरा! मेक्सिकोत त्याला किहादा म्हणतात. जबडा स्वच्छ करून वाळवतात. वाळला की दात हाडात सैल होतात. मग त्यावर मूठ आपटायची. सगळे दात एकदम थरथरतात... खर्रर्र! दातांवरून काठी फिरवली तर आणखी निराळा आवाज!

हे वाद्य वाजतं मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर, वेराक्रूझ भागात. तिथल्या लोकसंगीताचं नाव सोन हारोचो. त्यातली छोटी गिटार स्पेनची आठवण करून देते. आणि ताल? तो ऐकताना थेट आफ्रिका आठवते!

पण आफ्रिका तर अटलांटिक महासागराच्या पलीकडे! मग तिचा ताल इकडे आला कसा?

ही गोष्ट फार दुःखाची आहे. सोळाव्या शतकापासून आफ्रिकेतल्या माणसांना पकडून, गुलाम करून, जहाजांत कोंबून मेक्सिकोत आणलं गेलं. इतिहासकारांच्या अंदाजाने सुमारे 2 लाख माणसं! घर सुटलं. आईबाबा सुटले. पण ताल? तो तर अंगातच होता. तो कोण हिसकावणार?

मग काय, हाताशी येईल ते वाजू लागलं! मारिंबोलच बघा ना. एक मोठं लाकडी खोकं, त्याला पुढे भोक आणि धातूच्या पट्ट्या. वादक चक्क खोक्यावर बसतो आणि हात खाली नेऊन पट्ट्या छेडतो. धूम... धूम! आफ्रिकेत अंगठ्यांनी वाजवायचं एक छोटं वाद्य असतं. हा त्याचाच थोरला भाऊ, क्यूबामार्गे आलेला!

आणि ऐका, तिथे पाय ठेवायची जागासुद्धा वाजते! लाकडी चौथऱ्यावर टाचा आपटत नाचतात. नाचणाराच वादक!

आता मधल्या सुट्टीत एक गंमत करा. बाकावर सारख्या अंतराने 1 ते 6 ठोके द्या, पुन्हा पुन्हा. एका मैत्रिणीने 1 आणि 4 वर टाळी द्यायची. दुसरीने 1, 3 आणि 5 वर. काय झालं? ठोके तेच, पण ताल दोन! अशी गुंफण आफ्रिकेच्या संगीतात खूप असते. स्पेनच्या संगीतातही ती होती. वेराक्रूझमध्ये दोघांची गट्टी जमली!

सगळ्यांना ही गट्टी आवडली असेल? छे! चुचुम्बे नावाचं एक नाचगाणं इतकं गाजलं, की 1766 मध्ये चर्चच्या न्यायालयाने त्यावर बंदीच घातली! पण ताल काही थांबला नाही.

वेराक्रूझचंच एक जुनं लोकगीत आहे, ‘ला बाम्बा’. 1958 मध्ये ते अमेरिकेत रॉक अँड रोलच्या थाटात कोणी गायलं, माहीत आहे? लॉस एंजेलिसच्या रिची व्हॅलेन्सने. वय फक्त 17 वर्षं! तो होता चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाचा अमेरिकन. पुढे 1987 मध्ये लॉस लोबोस या चिकानो बँडने तेच गाणं गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं!

आता खरी कमाल ऐका. रॉक अँड रोल तरी कुठून आलं? ते घडलं मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून. त्यांचेही पूर्वज आफ्रिकेतलेच! म्हणजे एक ताल मेक्सिकोच्या वाटेने आला, दुसरा अमेरिकेच्या वाटेने, आणि दोघे एकाच गाण्यात भेटले!

तर दोस्तांनो, आज घरी मोठ्यांना सांगून ‘ला बाम्बा’ ऐकाच. आधी वेराक्रूझच्या वादकांचं, मग रिचीचं. पाय आपोआप थिरकतील. आणि हा ताल कोणी जपला, ते उद्या वर्गात सगळ्यांना नक्की सांगा!