पहिल्या घराचा सौदा

बैलबाजारात गेलेला शेतकरी किती सावध असतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तो आधी लांबूनच जनावराची चाल पाहतो. मग जवळ जाऊन दात मोजतो, खुरांवरून हात फिरवतो, बाजारभर एक चक्कर मारून येतो, आणि मग कुठे उपरण्याखाली बोटे धरून भाव सुरू होतो. पसंत पडलेल्या बैलाची तारीफ तो मालकासमोर चुकूनही करीत नाही. पण हाच माणूस, किंवा शहरात नोकरीला लागलेला त्याचा शिकलेला मुलगा, जन्माची कमाई घालून घर घ्यायला निघाला की सगळी सावधगिरी घरीच विसरतो. पहिल्याच भेटीत "घर छान आहे हो, आम्हाला पसंत आहे" असे सांगून मोकळा होतो. एवढेच नव्हे, तर शकुन म्हणून अकरा हजार रुपये काढून मालकाच्या हातावरही ठेवतो.

असा शकुन मीही केला आहे. त्याची हकीगत पुढे येईलच. पण आधी भाव कसा करावा ते पाहू.

भाव करण्याची सुरुवात मालकाच्या ओटीवर होत नाही. ती आपल्या घरी, कागद-पेन्सिल घेऊन होते. आपल्याला जास्तीत जास्त किती देता येईल, हा आकडा आधी ठरवावा आणि तो बायकोखेरीज कोणाला सांगू नये. दलालाला तर नाहीच नाही. दलाल वाईट असतो असे नव्हे, पण त्याची दलाली सौदा जुळण्यावर अवलंबून असते, तुमचे पैसे वाचण्यावर नव्हे. मी २०१६ साली घर पाहू लागलो तेव्हा माझा आकडा साडेतेवीस लाखांचा होता. तो असा निघाला. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. उरलेले दहा टक्के, म्हणजे दोन लाख पस्तीस हजार, माझे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांचा खर्च बँक त्या किमतीत धरीत नाही. त्यासाठी मी शेकडा सात रुपये बाजूला ठेवले, ते झाले एक लाख चौसष्ट हजार पाचशे. शिवाय डागडुजीला दीड लाख. म्हणजे साडेपाच लाख रुपये रोख हाताशी हवेत. आणि माझी शिल्लक तेवढीच होती. मुद्रांकाचा दर महापालिका, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांच्या हद्दीत निरनिराळा असतो, तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारून घ्यावा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतल्यास या शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट बाजारभावाची. शेजारी, दलाल, जाहिराती सांगतात तो भाव नव्हे, ती मागणी. खरा भाव म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतातला. प्रत्येक दस्ताचा गोषवारा 'सूची क्रमांक दोन'मध्ये असतो, त्यालाच लोक 'इंडेक्स टू' म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. शाळेतल्या एखाद्या तरुण शिक्षकाला बरोबर घ्या, तासाभरात काम होते. मला हव्या असलेल्या इमारतीत मालकाची मागणी होती सव्वीस लाख. त्याच गल्लीतले मागील वर्षभरातले दस्त निघाले साडेएकवीस ते तेवीस लाखांचे. हा कागद खिशात असला की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो, पण ठाम होतो.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता असतो. सौदा त्याहून कमी भावात जुळला तरी मुद्रांक शुल्क तक्त्यातल्या किमतीवरच भरावे लागते. हा फरक पन्नास हजारांहून आणि सौद्याच्या किमतीच्या दहा टक्क्यांहूनही अधिक असला, तर तो घेणाऱ्याचे उत्पन्न समजून त्यावर आयकरही लागतो. तेव्हा फार ताणून भाव पाडला म्हणजे फायदाच झाला, असे नाही.

घर पाहायला शक्य तर पावसाळ्यात जावे. भिंतींची ओल चैत्रात दिसत नाही. नळाला पाणी कोणत्या वेळी येते, सांडपाणी कुठे जाते, गच्ची गळते का, हे शेजारच्या बाईंना विचारावे. त्या खरे सांगतात. आणि दोष दिसला की नाक मुरडू नये. मालकाने तिथे संसार केलेला असतो, मुले वाढवलेली असतात. "काय हो ही कळकट मोरी!" असे म्हटले की तो मनाने सौद्यातून उठलाच म्हणून समजा. दोषाची किंमत करावी. मी ओळखीच्या मिस्त्रीला नेले. गच्चीची गळती, ओल आणि जुने वायरिंग मिळून त्याने एक लाख चाळीस हजारांचा अंदाज लिहून दिला. तो कागद मी मालकापुढे ठेवला, टीका एका शब्दानेही केली नाही.

मालक घर का विकतो, हे कळले तर अर्धे काम होते. बदली झाली आहे, की मुलीचे लग्न आहे, की भावाभावांच्या वाटण्या आहेत? माझ्या मालकाची निराळीच अडचण निघाली. मुलगा बारावीला होता आणि परीक्षेपर्यंत त्यांना घर सोडायचे नव्हते. बाकीचे गिऱ्हाईक ताबडतोब ताबा मागत होते. मी एकवीस लाखांना सुरुवात केली. ते पंचवीसवर आले, मी बावीसवर. ते चोवीस, मी बावीस साठ. आपली प्रत्येक चढ आधीच्या चढीपेक्षा लहान ठेवावी, म्हणजे तळ जवळ आल्याचे समोरच्याला न सांगता समजते. तिथे गाडे अडले. मग मी म्हणालो, "दादा, तुम्ही एप्रिलअखेरपर्यंत राहा. भाडे मागत नाही." त्यांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या आणि तेवीस लाख दहा हजारांना सौदा जुळला. पंखे आणि पाण्याची मोटर त्यांनी आपण होऊन ठेवली. भावात जे निघत नाही ते कधी कधी तारखेत निघते. आकडा सांगून झाल्यावर गप्प बसणे हे मात्र मला फार जड गेले. आम्हा प्राध्यापकांना ती सवय नाही.

आता ती इसाराची हकीगत. २०१३ साली, वरच्या घराच्या तीन वर्षे आधी, मी तालुक्याच्या गावी एक बैठे घर पसंत केले होते. मालक सज्जन, भाव अठरा लाख. भारावून जाऊन मी एक लाख रुपये इसार रोख दिला आणि वहीच्या पानावर पावती घेतली. पुढे बँकेच्या वकिलाने मालमत्ता पत्रक मागवले तर त्यावर मालकाबरोबर त्याच्या दोन बहिणींची नावे! धाकटी सही करायला तयार नव्हती. आणि तिचे म्हणणे खोटे नव्हते, हिस्सा तिचाही होता. माझ्या पावतीत ना मुदत, ना पैसे परतीची अट. सोळा महिन्यांनी ते पैसे हप्त्याहप्त्याने परत आले. तोवर हाती आलेले दुसरे चांगले घर गेले होते, आणि बायकोने त्या काळात मला एकदाही टोमणा मारला नाही, याचेच जास्त लागले.

म्हणून कागद आधी पाहावेत. शहरात मालमत्ता पत्रक, बिनशेती जमिनीचा सातबारा व फेरफार, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध-अहवाल. गावठाणातल्या घराला पुष्कळ जण ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवतात. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. एकट्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला आहे, तेव्हा "बहिणींचे काही नाही हो" या वाक्यावर विसंबू नका.

इसार द्यायचा तर थोडका, आणि चेकने किंवा बँकेतून द्यावा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास जून २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. कोणी "थोडे वरून द्या" म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. त्या वरच्या पैशाला ना कर्ज मिळते, ना पुरावा राहतो. पावतीवर सर्व मालकांच्या सह्या घ्या. कर्ज नामंजूर झाले किंवा मालकी हक्कात दोष निघाला, तर इसार अमुक दिवसांत परत, असे स्पष्ट लिहा. मालक रुसेल अशी भीती वाटते, पण ज्याचे कागद चोख आहेत तो या अटीला अडत नाही असा माझा अनुभव आहे. आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालकी येत नाही. ती नोंदलेल्या खरेदीखतानेच येते.

बिल्डरकडून नवे घर घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १ मे २०१७ पासून महारेराची नोंदणी आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या लहान प्रकल्पांना मात्र ती लागत नाही, आणि आपल्या तालुक्यांच्या गावी अशाच इमारती पुष्कळ. तिथे दुप्पट डोळस असावे. नोंदणीच्या प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, काढून पाहा. स्वस्त वाटणारे घर कधी कधी महाग निघते. बिल्डर दर उतरवायला नाखूश असतो, कारण पुढचे गिऱ्हाईक तोच दर मागते. त्याच्याकडून ओटा, खिडक्यांच्या जाळ्या, कपाटे यांत सूट मागावी, आणि ती करारनाम्यात लिहून घ्यावी.

खरेदीखत झाले की त्याच दिवशी सूची दोनची प्रत घ्या. घरपट्टी, वीजबिल आणि सोसायटी असल्यास तिचे भागपत्र नावावर करण्याचे अर्ज त्याच आठवड्यात द्या. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर फेरफार मंजूर होऊन आपले नाव लागले की नाही, ते महिन्या-दोन महिन्यांनी स्वतः जाऊन पाहून या.