शेवटचीसाठी थांबायचं!

मैत्रिणींनो, आमच्या पोलादपूर तालुक्यातलं उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचं गाव. तिथे घोळक्याने सायकलवर जायचं म्हटलं, की पहिली भीती एकच: चढावर आपणच मागे पडलो तर? मलाही तेच वाटायचं. पण ‘ब्रेव्हे’ नावाच्या सायकलफेरीत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि पहिला-दुसरा नंबर नसतोच! घोळक्याचे रिवाज साधे. हेल्मेट हवंच, एकामागे एक चालायचं, खड्डा दिसला की हाताने खूण करायची, अचानक ब्रेक दाबायचा नाही. चढ संपला की शेवटचीसाठी थांबायचं. ती आल्या आल्या निघायचं मात्र नाही, तिलाही दम घेऊ द्यायचा. घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या आपल्यासाठी कुणीतरी थांबतं, मला तेच फार आवडतं.