द्राक्षासवाची शहरी बहीण

आमच्या आसेगावात ‘बाटली’ हा शब्द कुणी चांगल्या अर्थानं उच्चारत नाही. माझे वडील प्यायचे. आई कापसाचे पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवायची, आणि संध्याकाळी फाटक वाजायच्या आत आम्हा भावंडांना जेवू घालून मोकळी व्हायची. म्हणून गेल्या दिवाळीत लेकीकडे नाशिकला गेले आणि जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर लाल वाइनची बाटली ठेवली, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

‘‘आई, जोर नाही वो. नुसती चव तं पाहा,’’ लेक म्हणाली.

पाच-सहाशे रुपयांची साधी बाटली. बूच नाही, फिरकीचं झाकण. वाइन म्हणजे फ्रान्सहून येणारी महागडी चीज, असं मला वाटायचं. पण नाशिकला राजीव सामंत यांनी 1999 मध्ये ‘सुला’ सुरू केली, 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष वाइनचं धोरण आणलं, आणि आता तिकडे वाइनच्या द्राक्षांचे मळेच्या मळे आहेत.

पहिला घोट नुसताच घेतला. अग्गंबाई! कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आखडली. जावईबापू हसले. लाल वाइन आंबवताना रसाबरोबर काळ्या द्राक्षांची सालं आणि बियाही ठेवतात. रंगही त्यातूनच येतो आणि तुरटपणाही. पांढऱ्या वाइनला नुसता रस घेतात, म्हणून ती तशी लागत नाही.

मग मटणाचा घास खाऊन घोट घेतला, तर तुरटपणा कुठल्या कुठे! मटणातली चरबी त्याला मऊ करते म्हणे. वांग्याच्या भरिताशीही छान जमली, भाजल्याचा तो धुरकट वास असतो ना, त्याच्याशी. ठेच्याशी मात्र अजिबात नाही. वाइनमधल्या मद्यार्कानं तिखट आणखी चढतं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. आपला वऱ्हाडी झणका असेल त्या दिवशी ताकच बरं!

आणखी एक गंमत. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं पुस्तकात लिहितात. पण ती खोली तिकडची, सोळा-अठरा अंशांची. वाशीमच्या मे महिन्यातली नव्हे. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. आणि जुनी तितकी चांगली हे सगळ्याच वाइनला लागू नाही. स्वस्तातल्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायलाच केलेल्या असतात. उघडल्यावर झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. उरलेली लेकीनं रश्श्यात ओतली.

वास घेताना मला एकदम द्राक्षासव आठवलं. बाळंतिणीला, अशक्त माणसाला चमचा-चमचा दिलेलं. तेही मनुकांचंच, धायटीची फुलं घालून आंबवलेलं. पण म्हणून वाइनला कुणी औषध समजू नका. लाल वाइन हृदयाला चांगली, असं पूर्वी फार छापून यायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं, की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. स्तनांच्या कॅन्सरचा धोका थोड्या पिण्यानंही वाढतो. दिवस गेलेल्या बाईनं तर शिवूही नये. मी घेतली ती चवीसाठी, अर्धा पेला, तीन घोटांत संपेल एवढी.

आणि वाइन वेगळी, दारू वेगळी, हेही मला पटत नाही. तिच्यातही बारा-तेरा टक्के मद्यार्क असतोच. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही विरोधातच बोलले होते. आजही किराणाच्या दुकानात साखरेशेजारी ती ठेवावी, असं मला वाटत नाही.

घरी आल्यावर आईला सांगावं की नाही, चार दिवस ठरेना. शेवटी सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘पिल्यावर जावई वरडला काय वो?’’

‘‘नाही.’’

‘‘लेकीनं पैसे लपवले व्हते?’’

‘‘नाही वो माय.’’

ती थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, ‘‘अन् भांडे कोनं घासले?’’

‘‘जावयानं.’’

आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘कशी लागते वो ते?’’