चोरीचा आळ आणि अब्रूचे मोल

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या रात्री चंद्राकडे पाहू नये, पाहिल्यास चोरीचा आळ येतो, अशी समजूत गोव्याच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या वाड्यावर चवथीच्या सायंकाळी मुले अंगणात उतरली, की आजी त्यांना मान खाली घालण्यास सांगते आणि मग ओघानेच स्यमंतक मण्याची कथा निघते. चंद्राचा आणि चोरीचा संबंध कोणी मानो वा न मानो. या समजुतीमागील भीती मात्र खरी आहे. चोराला शिक्षेचे भय असते. ज्याने चोरी केलीच नाही, त्याला भय असते ते खोट्या आळाचे, आणि ते कितीतरी अधिक दारुण असते.

सत्राजिताचा भाऊ प्रसेन स्यमंतक मणी गळ्यात घालून शिकारीस गेला, तो परत आलाच नाही. श्रीकृष्णाने पूर्वी तो मणी राजासाठी मागितला होता, एवढ्यावरून सत्राजिताने तर्क बांधला आणि द्वारकेत कुजबूज सुरू झाली. श्रीकृष्णाने काय केले? तो सत्राजितावर धावून गेला नाही, की घरात तोंड लपवून बसला नाही. नागरिकांना सोबत घेऊन तो माग काढीत अरण्यात गेला. प्रसेनाला सिंहाने मारले आणि सिंहाला जांबवंताने, हे त्या मागावरून उघड झाले. जांबवंताकडून मणी मिळाल्यावर त्याने तो सत्राजिताच्या घरी गुपचूप पोचता केला नाही. भर सभेत, राजासमक्ष, सारी हकीकत सांगून परत दिला. आळ चारचौघांत आला होता. त्याचे निरसनही चारचौघांतच झाले. आजच्या बाजारपेठेने या कथेतून घ्यावा असा धडा हाच आहे.

हा प्रश्न आज बाजारपेठेत का उभा राहावा, हे समजण्यासाठी दुकानाची जुनी रचना आठवावी लागेल. गावच्या पसऱ्यावर गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल फळीच्या पलीकडे असे. साखर पोत्यातून काढायची, तराजूत घालायची, कागदात बांधायची आणि वहीत मांडायची, ही सर्व कामे पसरकाराच्या हातची. गिऱ्हाइकाचा हात मालाला लागतच नसे. मग संशयाला जागा कोठून राहणार? १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ नावाच्या दुकानाने ही फळीच काढून टाकली. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतः फिरावे, हवी ती वस्तू स्वतः उचलावी आणि जाताना पैसे द्यावेत, ही पद्धत तेथून जगभर पसरली. भारतात १९६६ मध्ये दिल्लीला ‘सुपर बझार’ निघाला. मुंबईत ‘अपना बाजार’सारख्या सहकारी भांडारांनी मध्यमवर्गीयांना मोठ्या दुकानाची सवय लावली. गोव्यातही सहकारी संस्था आणि खासगी व्यापारी यांनी अशी दुकाने थाटली. आज हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर येणारे पर्यटक आणि जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झालेला मोपा येथील विमानतळ यांमुळे पेडणे तालुक्याचा व्यापार पालटला आहे. बुधवारच्या आठवड्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या डिचोलीतही टोपली हाती घेऊन खरेदी करणे आता नवलाचे राहिलेले नाही.

या पद्धतीत एक विसंगती दडलेली आहे. फळी काढली, म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकावर विश्वास टाकला. आणि दारावर रखवालदार, छतावर कॅमेरा व वस्तूवर चिकटपट्टी आली, म्हणजे तोच विश्वास त्याने काढून घेतला. दुकानदाराची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. चोऱ्या होतात, त्यांचा तोटा सोसावा लागतो आणि अखेर तो प्रामाणिक गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. म्हणून पहारा असण्यात गैर काही नाही. गैर आहे ते पहाऱ्याच्या साधनांना अचूक मानण्यात.

ही साधने कशी चुकतात? काही वस्तूंवर लावलेल्या चिकटपट्टीत धातूच्या तारेचे बारीक वेटोळे असते. दारातील दोन खांबांमधून विशिष्ट कंपनाच्या लहरी जात असतात. ते वेटोळे त्यांना प्रतिसाद देते आणि भोंगा वाजतो. पैसे घेतल्यानंतर गल्ल्यावरील माणसाने ती पट्टी निकामी करावयाची असते. तो विसरला, तर पावती हाती असलेल्या माणसावरच भोंगा वाजतो. दुसऱ्या दुकानात विकत घेतलेल्या कपड्यातील पट्टीही कधीकधी असाच घोटाळा करते. भोंगा ‘पट्टी जिवंत आहे’ एवढेच सांगतो. ‘हा चोर आहे’ असे तो सांगत नाही. गल्ल्यावर दोन पुड्या एकमेकींना चिकटून आल्या आणि एकीचीच नोंद झाली, तर पिशवीत एक वस्तू बिलाविना राहते, पण चूक मोजणाऱ्याची असते. कॅमेऱ्याला हात पिशवीकडे गेलेला दिसतो. तोच हात रुमाल काढून बाहेर आला, हे मध्ये कोणी उभे असल्यास त्याला दिसत नाही.

कल्पना करावी की चवथीच्या आदल्या दिवशी एक गृहिणी माटोळीचे सामान, उदबत्ती आणि कापूर बाजारातून घेऊन अशा दुकानात शिरली. दुकानातून तिने फक्त तूप घेतले, पैसे दिले आणि ती निघाली. दारात रखवालदाराने मोठ्याने विचारले, “ही उदबत्ती कुठून उचलली?” मागे रांगेत शेजारीण आहे, मुलीची शिक्षिका आहे. पाच मिनिटांत खुलासा होतो, तिला जाऊ दिले जाते. पण पाहणाऱ्यांपैकी निम्मे लोक खुलाशापूर्वीच निघून गेलेले असतात. त्यांच्यापुरती ती बाई कायमची आळाखाली राहते. मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवतो. जेथे आडनावावरून वाडा आणि वाड्यावरून घर ओळखले जाते, तेथे अशी पाच मिनिटे वर्षानुवर्षे पुरतात.

कायदा याबाबत काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३०३ व्या कलमानुसार चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. विसरभोळेपणा म्हणजे चोरी नव्हे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्या माणसाने वस्तू वा तिची किंमत परत केल्यास त्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. सिद्ध झालेल्या किरकोळ चोरीकडे कायदा जर इतक्या संयमाने पाहतो, तर केवळ संशयिताशी दुकानाने अधिक कठोर का व्हावे?

खासगी व्यक्तीला दुसऱ्यास अटक करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाने दिला आहे, पण तो फार मर्यादित आहे. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडला असेल तरच तो वापरता येतो, आणि त्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. अंगझडती घेण्याचे काम त्यानंतर पोलिसांचे. स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावयाची असते. नुसत्या संशयावरून कोणाला खोलीत कोंडून ठेवणे हा स्वतःच गुन्हा ठरू शकतो. बेकायदा कोंडून ठेवण्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वस्तूच्या अनेक पट ‘दंड’ वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही दुकानाला नाही.

ज्याच्यावर असा प्रसंग येईल, त्याने प्रथम शांत राहावे. पळू नये, हातघाईवर येऊ नये. पावती दाखवावी, व्यवस्थापकाला बोलावण्यास सांगावे आणि कॅमेऱ्याचे चित्रण तपासण्याचा आग्रह धरावा. न केलेल्या कृत्याच्या कबुलीवर, केवळ सुटका व्हावी म्हणून, सही करू नये. प्रकरण हाताबाहेर जात असल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करावी. मागाहून पोलिसांकडे तक्रार करता येते, बदनामीबद्दल न्यायालयात जाता येते, आणि सेवेत उणीव ठरत असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधिसेवा प्राधिकरणामार्फत विनामूल्य वकील मिळू शकतो.

संशय सर्वांवर सारख्या प्रमाणात येत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मळके कपडे, परप्रांतीय बोली, अनवाणी पोर यांच्यावर नजर आधी जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये केरळातील आट्टिंगल येथे एका पोलीस महिलेने आपला मोबाइल चोरल्याचा आरोप आठ वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या वडिलांवर भर रस्त्यात केला. मोबाइल पोलिसांच्याच गाडीतील पिशवीत सापडला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्या मुलीला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण जुनी असली, तरी तिचा अनुभव जुना झालेला नाही.

दुकानदारांनी म्हणूनच काही साधे नियम पाळावेत. शंका आल्यास दारात ओरडू नये, बाजूला बोलावून “काही मोजायचे राहिले का?” असे हळू आवाजात विचारावे. पिशवी आत नेण्यास मनाई असेल तर ती ठेवून घेऊन बिल्ला द्यावा. भोंगा वाजल्यास प्रथम गल्ल्यावरील चूक शोधावी. आणि चूक आपली ठरली, तर क्षमा कोपऱ्यात मागू नये. जेथे आणि ज्यांच्यासमोर आळ घेतला, तेथेच व्यवस्थापकाने उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, “चूक आमची होती, या बाईंची नव्हे,” असे म्हणावे. या शब्दांना पैसा पडत नाही.

सत्राजिताला आपली चूक कळली तेव्हा तो सभेतच खजील झाला, आणि पश्चात्तापाने त्याने श्रीकृष्णाशी सोयरीक जोडली. चुकीची भर चौकात कबुली देणाऱ्या दुकानालाही गावकरी दुरावत नाहीत. पुढच्या चवथीचे सामान ते तेथूनच नेतात.