हाड सांधल्यानंतरचा काळ

परांचीवरून पडलेल्या गवंड्याचे हाड सांधले, की रुग्णालयाच्या दप्तरी त्याचे प्रकरण मिटते. त्याच्या घरी मात्र खरा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. मोडले होते ते टाचेचे हाड. सपाट फरशीवर त्यास चालता येते, पण विटांच्या राशीवर पाय ठरत नाही. शिडीच्या चौथ्या पायरीवर टाच ठणकू लागते. मुकादमास तर पूर्ण दिवसाचा पूर्ण गवंडी हवा असतो. घरी बसावे तर मिळकत बंद, आणि घाईने कामावर जावे तर पाय कायमचा जायबंदी होण्याची धास्ती. जखम भरून आल्यापासून माणूस पूर्ववत् काम करू लागेपर्यंतचा हा जो मधला काळ, त्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचा जितका बारकाईने विचार जर्मनीत झाला आहे, तितका फार थोड्या देशांत झाला असेल.

तेथील 1871 च्या कायद्यानुसार कारखान्यात दुखापत झालेल्या कामगारास नुकसानभरपाई हवी असेल, तर मालकाच्या बाजूचा दोष सिद्ध करावा लागे. हात मोडलेल्या माणसाने कचेरीची पायरी चढावयाची आणि साक्षीदार आणावयाचे, तेही त्याच मालकाच्या पगारावर जगणारे! अशा फिर्यादींतून कितीकांच्या पदरात काही पडले असेल, हे सांगावयास नको. 6 जुलै 1884 रोजी बिस्मार्कच्या कारकीर्दीत मंजूर झालेल्या अपघात-विमा कायद्याने दोष कोणाचा हा वादच बाजूला सारला. प्रत्येक धंद्यातील मालकांनी मिळून आपला विमा-संघ स्थापावा, वर्गणी सर्वस्वी मालकांनी भरावी, आणि अपघात झाला की भरपाई संघाने द्यावी, असे ठरले. कामगाराच्या वेतनातून या विम्यासाठी आजही एक पैसा कापला जात नाही. त्याच्या मोबदल्यात मालकावर फिर्याद करण्याचा हक्क त्याने बव्हंशी सोडलेला आहे. कामगारांस समाजवाद्यांपासून दूर ओढावे हा बिस्मार्कचा हेतू होता आणि तो काही लपलेला नव्हता. पण हेतू राजकीय असला तरी योजना टिकाऊ निघाली.

या योजनेची खरी मेख वेगळीच आहे. डॉक्टरचे बिल, बुडालेल्या वेतनाची भरपाई आणि पुढील निवृत्तिवेतन, ही तिन्ही देणी एकाच संघाच्या थैलीतून जातात. ओबडधोबड सांधलेले हाड म्हणजे जन्मभराचे निवृत्तिवेतन, हे गणित खाणमालकांच्या संघास लवकरच उमगले आणि 1890 साली बोखुम येथे खाणकामगारांसाठी रुग्णालय उघडले गेले. जगातील पहिले अपघात-रुग्णालय म्हणून ते ओळखले जाते आणि आजही चालू आहे. जेथे औषधोपचार एका खात्याकडे, वेतन दुसऱ्याकडे आणि भरपाई तिसऱ्याकडे असते, तेथे प्रत्येक खाते आपापला कागद पुरा करून मोकळे होते. येथे तसे करणे संघास परवडत नाही. 1925 मध्ये व्यवसायात पुन्हा उभे करण्याचे साहाय्यही संघांच्या कर्तव्यांत सामील झाले. निवृत्तिवेतनाच्या आधी पुनर्वसन, हा तेथील नियमच होऊन बसला आहे.

आपला गवंडी अशा देशात पडला, तर त्याचे काय होईल? प्रथम त्यास संघाने मान्यता दिलेल्या अपघात-शल्यविशारदाकडे नेले जाईल. दुखापत त्या दिवसापुरती नसेल, तर या डॉक्टरकडे जाणे आवश्यकच असते, आणि पुढील उपचार कोठे व कसे व्हावयाचे हे तो ठरवितो. दुखापत भारी असेल, तर संघाचा पुनर्वसन-अधिकारी रुग्णाच्या खाटेपाशीच येतो. हाताखाली कोणते काम होते, वजन किती उचलावे लागे, दिवसातून शिडी किती वेळा चढावी लागे, हे विचारून डॉक्टर व रुग्ण यांच्यासह तो लेखी आराखडा तयार करतो. पुढे व्यायामही निव्वळ व्यायामशाळेचा राहत नाही. ओझे उचलणे, वाकून काम करणे, शिडी चढणे यांचा सराव रुग्णालयातच करवून घेतला जातो. टाच बरी झाली की नाही हे क्ष-किरणांच्या चित्रापेक्षा ती शिडीच अधिक प्रामाणिकपणे सांगते.

मग येते ती टप्प्याटप्प्याने कामावर परतण्याची पद्धत. आरंभी दिवसाला दोन तास, काही आठवड्यांनी चार, नंतर सहा, अशी चढण डॉक्टर लिहून देतो. या काळात माणूस कामावर दिसत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो आजारीच असतो. पाय सुजला तर चढण थांबविता येते. त्यास कामचुकार ठरविण्याचा अधिकार मुकादमास नाही. पैशाची सोय अशी, की सामान्यतः पहिले सहा आठवडे मालक वेतन देतो आणि नंतर संघाकडून दुखापत-भत्ता मिळतो. तो मूळ वेतनाच्या 80 टक्के, पण हाती पडणाऱ्या वेतनाहून अधिक नाही, या बेताने ठरतो आणि टप्प्यांच्या काळातही चालू राहतो. जुने काम झेपणारच नसेल, तर त्याच मालकाकडे दुसरे काम, नाहीतर नव्या धंद्याचे शिक्षण. हे शिक्षण बहुधा दोन वर्षांचे असते.

निवृत्तिवेतनाचा नियम मात्र मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. सव्वीस आठवड्यांनंतरही कमावण्याची शक्ती निदान 20 टक्क्यांनी उणावलेली असेल, तर ते मिळते. शक्ती पूर्णपणे गेली असेल, तर वार्षिक मिळकतीच्या दोन-तृतीयांश. आणि माणूस पुन्हा कामावर लागला, पूर्ण वेतन कमावू लागला, तरी ते बंद होत नाही. कारण मोजमाप होते ते शरीराच्या हानीचे. प्रत्यक्ष किती रुपये बुडाले याचे नव्हे. ‘कामावर गेलो तर पेन्शन जाईल’ या भयाने धडधाकट मनाची माणसे घरी कुजत बसतात, असा अनुभव अन्यत्र येतो. तो येथे टळतो.

सर्वच आलबेल आहे असे मात्र नव्हे. अपघात डोळ्यांनी दिसतो. धुळीने वा वर्षानुवर्षांच्या ओझ्याने जडलेला व्यवसायजन्य रोग दिसत नाही, आणि तो कामामुळेच जडला हे ठरविताना हेच उदार संघ कमालीचे काटेकोर होतात. शिवाय ‘स्वतंत्र धंदेवाईक’ अशी कागदोपत्री नोंद करून ज्यास राबविले जाते, तो आपण होऊन विमा उतरविल्यावाचून सामान्यतः या छत्राबाहेरच राहतो. बांधकामावरील परदेशी मजुरांस हा फटका विशेष बसतो.

महाराष्ट्र शासनाने 2024 साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केल्यापासून तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी घरांत या गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे झाले आहे. नोकरीत असलेल्या प्रत्येकास, तो कोणत्याही देशाचा नागरिक असो, पहिल्या दिवसापासून या विम्याचे संरक्षण असते. मालकाने वर्गणी थकविली तरी कामगाराचा हक्क बुडत नाही. डॉक्टरपुढे बसताच दुखापत कामावर झाली आहे, हे प्रथम सांगावयाचे. तीन दिवसांहून अधिक काळ काम बंद राहिले, तर संघास कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आणि बोटास नुसती चीर गेली, तरी प्रथमोपचाराच्या नोंदीत ती लिहवून घ्यावी. या नोंदी पाच वर्षे जपून ठेवाव्या लागतात. आज क्षुल्लक वाटणारी चीर सहा महिन्यांनी चिघळली, तर ती कामावरच झाली होती हे त्या दोन ओळींवरून दाखविता येते.