जुन्या गाडीचें तेल: बदलावें कीं न बदलावें?

गेल्या वैशाखांत आम्ही सर्व मंडळी थळच्या घरीं जमलों होतों. संध्याकाळीं ओटीवर बसलें कीं समोर खांदेरी-उंदेरी दिसावीत, वाडींतल्या नारळी-पोफळींतून वारा यावा आणि गप्पा रंगाव्यात, हा आमचा नित्याचा क्रम. या खेपेस मात्र आंब्यांपेक्षां एका निराळ्याच विषयाची चर्चा अधिक झाली. घरची मोटार १,६०,००० किलोमीटर चालली असून तिच्या स्वयंचलित गिअरबॉक्सांतील तेल कारखान्यांतून भरून आलें तेंच अद्याप आहे, ही गोष्ट नोंदवही चाळतांना प्रथमच आमच्या ध्यानांत आली. तें बदलावें असें आम्हांस वाटलें. वडील बंधू म्हणाले, "अरे, बारा वर्षें बिनतक्रार चाललेली गाडी! तिला आतां कशाला हात लावतोस? जुनें तेल काढलें कीं गिअरबॉक्स बसतो, असें दहा जण सांगतात."

वाद तेलाचा दिसला तरी त्याच्या मुळाशीं मातोश्रींची प्रकृति होती. त्यांना औषधोपचारासाठीं वरचेवर मुंबईस न्यावें लागतें. पावसाळ्यांत मांडव्याहून गेटवेस जाणाऱ्या लहान बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट २०२० सालापासून सुरू झाली हें खरें, पण हवा फार बिघडली कीं तिच्याही फेऱ्या रद्द होतात. अशा वेळीं कार्लेखिंड, वडखळ, पेण या वाटेनें गाडीच काढावी लागते. तेल बदलल्यानें ती बंद पडली तर? आणि न बदलल्यानें पडली तर?

ऐकीव गोष्टींवर निर्णय सोडण्यापूर्वीं हें तेल करतें तरी काय, तें पाहणें अवश्य आहे. साध्या गिअरबॉक्सांत तेलाचें मुख्य काम दांत्यांची झीज टाळण्याचें. स्वयंचलित पेटींत तेंच तेल इंजिनाची शक्ति पुढें पोंचवितें, आपल्या दाबानें क्लचच्या चकत्या आवळतें, उष्णता वाहून नेतें आणि वंगणही करतें. चकत्यांनीं किती घसरावें व केव्हां घट्ट बसावें, हें त्यांत मिसळलेल्या द्रव्यांवर अवलंबून असतें. अमेरिकेंत १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सची 'हायड्रा-मॅटिक' पेटी आली आणि १९४९ सालीं त्या कंपनीनें या तेलाचें 'टाइप ए' हें स्वतंत्र प्रमाण ठरविलें. पुढें कित्येक वर्षें त्यांत देवमाशाचें तेल मिसळीत. १९७० नंतर त्याची जागा कृत्रिम द्रव्यांनीं घेतली. सारांश, हें नुसतें वंगण नव्हे, मोजूनमापून सिद्ध केलेलें रसायन आहे; आणि रसायनास आयुष्य असतें.

तें आयुष्य उष्णतेनें घटतें. ढोबळ नियम असा कीं, तेलाची उष्णता सुमारें ८० अंश सेल्सिअसच्या पुढें गेली कीं दर दहा-अकरा अंशांमागें त्याचें आयुष्य निम्में होतें. सुटीच्या दिवशीं वडखळच्या गर्दींत गोगलगाईच्या गतीनें सरकणाऱ्या गाडींत नेमकें हेंच घडतें. चाकें फिरत नाहींत, पण पेटींतलें तेल घुसळून तापत राहतें. कांहीं कंपन्या हें तेल जन्मभर पुरतें असें म्हणतात. उलट झेडएफ ही अशा पेट्या बनविणारी जर्मन कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांनीं, अथवा आठ वर्षांनीं, तें बदलण्याची शिफारस करते.

मग बंधूंची भीति निराधार होती काय? अगदींच नव्हे. चकत्या झिजल्या म्हणजे त्यांचा चुरा तेलांत तरंगतो. त्या चुऱ्यानेंच थोडीबहुत पकड राहिली असेल, तर नवीन तेलांत तीही जाते. शिवाय नव्या तेलांतील शुद्धिकारक द्रव्यांनीं, विशेषतः दाबानें सर्व तेल एकदम ढकलून काढल्यास, सांचलेला मळ सुटून बारीक झडपांत अडकूं शकतो. परंतु अशा कथांत बहुधा गाडी आधींच घसरूं लागलेली असते आणि मग मालकास तेलाची आठवण होते. मरणोन्मुख रोग्यास अखेरचा काढा द्यावा आणि दोष काढ्यावर ठेवावा, तसा हा प्रकार.

अलिबागच्या एका वयस्क मिस्त्रींनीं तर बूच काढण्यापूर्वीं गाडीच चालवून पाहिली. म्हणाले, "भाऊ, गिअर घसरत असला तर तेलाला पैसे कशाला घालवायचे? मग पेटीच उघडायला लागेल." गाडी घसरली नाहीं, धक्काही देईना. तेल निघालें तें तपकिरी, पण जळका वास नव्हता. पाणी शिरलें असतें तर तें दुधाळ झालें असतें, तसेंही नव्हतें. तळच्या लोहचुंबकावर राखी रंगाचा मऊ लेप होता; तो स्वाभाविक. धातूचे कपचे निघाले असते तर गोष्ट निराळी. बंधूंनीं चष्मा लावून तो लेप स्वतः बोटानें चोळून पाहिला आणि मान डोलावली.

बूच काढल्यानें सर्व तेल येत नाहीं. पुष्कळसें टॉर्क कन्व्हर्टरांत राहतें. दर खेपेस दहांपैकीं चार भाग बदलले, तर तीन खेपांत सुमारें ७८ टक्के तेल नवें होतें. आम्ही तसेंच, कांहींशें किलोमीटरांच्या अंतरानें केलें. निघालें तितकेंच मोजून भरलें, गाळणी बदलली आणि पातळी कंपनीनें सांगितलेल्या उष्णतेवर, इंजिन चालू ठेवून तपासली. तेल मात्र गाडीच्या पुस्तकांत सांगितलें असेल तेंच हवें. सीव्हीटी पेटीचें तेल निराळें. आणि २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रूढ झालेली एएमटी पेटी मुळांत साध्या रचनेची असल्यानें तिला हें तेल उपयोगाचें नाहीं.

आषाढांत एका मुसळधार रात्रीं मातोश्रींना मुंबईस न्यावें लागलें. गाडी बंधूंनीं चालविली. पहाटे पनवेल मागें पडल्यावर ते एवढेंच म्हणाले, "बरें झालें, तेव्हांच पाहिलें." ती पूर्वींपेक्षां फार निराळी चालली असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु मिस्त्रींचा कौल प्रतिकूल आला असता, तरी तो वैशाखांत कळला असता. दुरुस्तीची किंवा दुसऱ्या वाहनाची तजवीज करावयास अवधि राहिला असता. आमची खरी भीति तेलाची नव्हती, बूच काढल्यावर काय दिसेल याची होती. आणि तें न पाहिल्यानें आंतली झीज कांहीं थांबणार नव्हती. ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी आहे त्यांनीं तिची नोंदवही आज संध्याकाळींच काढून पाहावी.